मारुतीला उलटा फेरा

आमची मैना चाकांच्या बुटांवर नाचायला मारुतीच्या देवळात शिकली, असं सांगितलं की शहरातली माणसं हसतात. हसू देत. त्यांच्या पोरी क्लबात शिकल्या आणि घरी बसल्या. आमची देवळात शिकली आणि परदेशच्या पोरींबरोबर एका फरशीवर उतरली.

मखमलाबादच्या रस्त्याला आमचा फुलांचा मळा. शेवंती, झेंडू, बांधाला थोडा गुलाब. माझे मालक लहानू मळ्याचं बघायचे आणि मी पहाटे टोपली घेऊन नाशकात जायचे. तेव्हा गंगापूर रोडला नवे नवे बंगले होत होते. त्यातल्या एका बंगल्यावर माझी रोजची पूजेची फुलं असायची. तिथल्या बाईंची पोरं मोठी झाली, तशी एक दिवस बाईंनी चाकांच्या बुटांचा एक जोड माझ्या टोपलीत टाकला. म्हणाल्या, गोजराबाई, घेऊन जा, तुमची मुलगी खेळेल. मी मनात म्हटलं, बाई, त्यापेक्षा एखादं लुगडं टाकलं असतं तर अंगाला तरी लागलं असतं. पण देणाऱ्याचा हात धरता येतो का?

मैना तेव्हा नऊ वर्षांची होती. मळ्यात चिखल, रस्त्यावर खडी. सपाट जागा म्हणाल तर पंचक्रोशीत एकच, आमच्या मारुतीच्या देवळाभोवतीचं अंगण. मधोमध मारुतीचं लहानसं दगडी देऊळ आणि त्याच्या चारी बाजूंनी गावानं वर्गणी काढून नवा कोबा केलेला, असा गुळगुळीत की भात वाढून खावा. पोरीनं तिथं बूट चढवले आणि चिमाजी गुरव काठी घेऊन बाहेर आले.

चिमाजीबाबा म्हणजे एकटा जीव. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. मारुती हाच त्यांचा संसार. स्वभाव असा की गावचा पाटील जरी चपला घालून आत आला तरी त्याला उभा सोलतील. सगळ्यांना वाटलं, आता हे मैनाचे बूट विहिरीत फेकणार. त्यांनी बूट हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले आणि तीन अटी घातल्या. देवाच्या अंगणात चामडं चालायचं नाही, म्हणून पट्टे काढायचे. शनिवारी यायचं नाही, कारण त्या दिवशी तेल वाहणाऱ्यांची गर्दी. आणि फिरायचं ते मारुतीला उजवी घालूनच.

"उलटा फेरा माणूस मेल्यावर घालत्यात, सरणाभोवती," ते मैनाला म्हणाले. "माझ्या देवाला उलटा फेरा घालायचा नाय. आहे का कबूल?"

मैनानं मान डोलावली. आमच्या ह्यांनी चामडं काढून खाटेच्या नवारीचे पट्टे शिवून दिले, आणि पोरगी फिरायला लागली.

मग काय विचारता! शाळेतून आली की दप्तर ओट्यावर आणि ही देवळात. शनिवारचं तेल कोब्यावर सांडलेलं असायचं, त्यावर पोरगी घसरेल म्हणून रविवारी सकाळी चिमाजीबाबा राख घेऊन अख्खं अंगण घासायचे. देवासाठी कधी एवढं घासलं नसेल. मी एकदा तसं बोलले, तर म्हणाले, तू तुझी फुलं वीक.

मैनाच्या शाळेतले खेळाचे मास्तर खंडेराव सर एकदा यात्रेला आले आणि पोरीला बघून तिथंच थबकले. ते तरुणपणी मुंबईला राहिलेले, तिथं ह्या चाकांवर फिरलेले. तेव्हापासून दर आठवड्याला सायकल मारत यायचे. उडी कशी घ्यायची, एका पायावर गिरकी कशी घ्यायची, हात कसे सोडायचे, सगळं त्यांनी शिकवलं. चिमाजीबाबा ओट्यावर बसून बघायचे आणि गिरकी साधली की हळूच घंटा वाजवायचे. देवाला वाटत असेल, आज आरती लवकर झाली.

अशी तीन-चार वर्षं गेली. त्र्याऐंशी सालच्या थंडीत खंडेराव सर धापा टाकत मळ्यात आले. कॉलेज रोडला एका क्लबानं सिमेंटचं मोठं मैदान बांधलं होतं आणि तिथं लहान वयाच्या मुलामुलींची मोठी स्पर्धा ठरली होती. बाहेरच्या चार-पाच देशांची पोरं यायची होती. शर्यत नव्हे हो. गाणं लावायचं आणि त्या गाण्यावर एकट्यानं फिरायचं, उड्या घ्यायच्या, गिरक्या घ्यायच्या, आणि परीक्षकांनी गुण द्यायचे. परदेशात हेच बर्फावर करतात म्हणे. आपल्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याकडे, म्हणून इथं चाकांवर. मुलींच्या गटात यजमान गावाची एक पोरगी घ्यायची होती. निवड झाली, एकेकीला फिरवून बघितलं, आणि आमची मैना निघाली.

गावभर पेढे झाले. मी निळा फ्रॉक शिवला. तो गुडघ्याच्या वर बघून आमचे हे मूग गिळून बसले, आणि शेजारच्या धोंडाबाईंनी नाक मुरडलं. चिमाजीबाबा म्हणाले, "आमच्या मारुतीला तर नुसता लंगोट हाय, त्याचं तर काय अडलं नाय." फ्रॉकचा विषय तिथंच मिटला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावाला बोलावलं होतं. मी आणि खंडेराव सर मैनाला घेऊन गेलो. बघते तर मैदान एवढं मोठं की आमचं अख्खं देऊळ अंगणासकट त्यात मावावं. पोरी तरी कशा! एक जपानची होती, गव्हाच्या लोंबीसारखी सडपातळ. सहा जणींना एकदमच आत सोडलं. पाच जणी डावा हात मैदानाच्या मध्याकडे ठेवून गोल फिरायला लागल्या. आमची मैना निघाली ती उजवा हात मध्याकडे ठेवून, जशी रोज मारुतीभोवती फिरायची तशी. म्हणजे त्या सगळ्या येताहेत आणि ही त्यांच्या अंगावर चालली. बाजारात गर्दीच्या तोंडावर बैलगाडी घालावी तसं झालं. दुसऱ्याच फेरीत ती आणि जपानची पोरगी समोरासमोर धडकल्या आणि दोघी फरशीवर.

देवाच्या दयेनं कुणाला फार लागलं नाही. जपानच्या पोरीचा गुडघा खरचटला, तिनं उठून मैनालाच वाकून नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुंबईहून आलेल्या एक बाई सगळ्याचं बघत होत्या. त्यांनी आम्हाला बाजूला बोलावलं. आवाज न चढवता समजावून सांगितलं की जगात सगळीकडे सरावाला असंच डावीकडून फिरतात. आपल्या गाण्याला जिनं तिनं हवं तसं फिरावं, त्याला बंधन नाही. पण उद्या स्पर्धेच्या आधी सहाही जणी पुन्हा एकत्र फरशीवर उतरणार, तेव्हा सगळ्यांबरोबर डावीकडेच फिरायला हवं. जिला ते जमणार नाही तिला आत सोडता येणार नाही, दुसऱ्यांच्या पोरी आहेत, कुणाचं डोकं फुटलं तर जबाबदार कोण? बाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यामुळे मला भांडताही येईना.

खंडेराव सरांनी कपाळावर हात मारून घेतला. देवळात पोरगी नेहमी एकटी फिरायची, निवडीतही एकटीच फिरली. ती कुठल्या बाजूनं फिरते याकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी मैनाला सांगितलं, चल, आत्ताच्या आत्ता दोन फेऱ्या डावीकडे मार, पायांना काय, लगेच सवय होईल. मैना कठड्याला धरून उभी राहिली. पुढे नाही, मागे नाही. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण पाऊल उचलेना.

घरी आल्यावर मी आधी प्रेमानं विचारलं, मग रागावून विचारलं. माझा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं, सगळं चुलीत. शेवटी तिच्या बापानं तिला जवळ घेतलं तेव्हा ती बोलली.

"मी एकदा उलटी फिरले होते," ती म्हणाली. "लहान असताना. चिमाजीबाबा आत होते, त्यांनी बघितलं नाही. त्याच आठवड्यात आजा गेला."

माझे सासरे पुंजाराम वर्षभर दम्यानं खाटेवर होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. सगळ्या गावाला ठाऊक होतं की म्हातारा पिकलं पान आहे. आणि इकडे ही पोरगी एवढी वर्षं आज्याचं मरण आपल्या डोक्यावर घेऊन फिरत होती, उड्या मारत होती, हसत होती, आणि मी तिची आई, मला पत्ता नाही. मी तिला पोटाशी धरलं. म्हटलं, अगं वेडे, आजा आजारी होता. ती म्हणाली, आजारी होता, पण मेला नव्हता. मी फिरले आणि मग मेला. आता उद्या फिरले तर कोण?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिवेलागणीला मी तडक देवळात गेले. चिमाजीबाबा वाती करत बसले होते. मी उंबऱ्याबाहेरूनच तोंड सोडलं. म्हटलं, तुमचा मारुती एवढा नाजूक आहे का, की एका पोरीनं उलटा फेरा घातला तर त्याचा कोप होईल? उद्या तिला डावीकडे फिरावंच लागणार आहे, नाही तर चार वर्षांची मेहनत मातीत. तुम्ही तिला मोकळं करा.

त्यांनी वात वळणं थांबवलं नाही. म्हणाले, रीत ती रीत. क्लबात मारुती नाही, तिथं तिनं कसंही फिरावं, त्यांचं काही म्हणणं नाही. पण जर पोरगीच फिरत नसेल तर ते काय करणार?

मग मी त्यांना आज्याचं सांगितलं. पोरीला काय वाटतं ते सगळं सांगितलं. तुमच्या एका वाक्यानं माझ्या लेकराच्या मनात सरण पेटलंय आणि ते चार वर्षं विझलेलं नाही, असं बोलले. चिमाजीबाबांच्या हातातली वात खाली पडली. त्यांनी ती उचलून समईत घातली. मग म्हणाले, तिला घेऊन ये.

मी मैनाला घेऊन आले. मागोमाग हे पण आले. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. चिमाजीबाबांनी डोक्यावरचं मुंडासं सोडून ओट्यावर ठेवलं आणि मैनासमोर उभे राहिले.

"बघ गं मैने," ते म्हणाले. "उलट्या फेऱ्यानं माणूस मरत असंल, तर आधी मी मरीन. मी फिरतो. उद्या सकाळी मी जिता दिसलो, तर तुझा आजा त्याच्या दम्यानं मेला. मग तू बिनघोर फिर."

मैना रडून म्हणाली, बाबा नको. पण ते निघाले. मारुतीला डावी घालून, काठी टेकत, सावकाश. ज्या माणसानं उभ्या जन्मात देवाकडे पाठ केली नव्हती तो माणूस सरणाभोवती फिरावं तसा आपल्या देवाभोवती फिरत होता. देवळाच्या मागे गेले की मैना माझा हात आवळायची आणि दुसऱ्या कोपऱ्यातून दिसले की सोडायची. फेरा पुरा करून ते आमच्यासमोर आले. कपाळाला घाम होता. म्हणाले, जा, निजा आता.

सकाळी उजाडायच्या आत मैना देवळाकडे पळाली. मी पाठोपाठ. तर देवळाचं दार बंद, ओटा झाडलेला नाही, आणि शेजारी चिमाजीबाबांच्या खोलीला कडी. रोज या वेळेला त्यांची पूजा अर्धी झालेली असायची. मैनाचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, नदीवर गेले असतील, खोलीला बाहेरून कडी आहे म्हणजे चालत गेले ना? मागून आलेल्या यांना म्हटलं, तुम्ही मागे राहा, बाबा कुठं असतील तिथून शोधून क्लबात घेऊन या. त्यांना घेतल्याशिवाय येऊ नका.

क्लबात मंडप घातला होता. कर्णा लागलेला, खुर्च्यांवर साहेब लोक. मैनानं फ्रॉक घातला, बूट बांधले आणि कठड्याशी येऊन फाटकाकडे बघत राहिली. खंडेराव सर काय काय सांगत होते, तिचं लक्ष नव्हतं. मग सहा जणींची नावं पुकारली. पाच पोरी आत गेल्या आणि डावीकडून फिरायला लागल्या. मैना जागची हलली नाही.

मुंबईच्या बाईंनी तिचं नाव पुन्हा पुकारलं. खंडेराव सर माझ्याकडे बघायला लागले. मी पोरीच्या पाठीवर हात ठेवला, तर थंडीतही पाठ ओलीचिंब. माझी जीभ, जी बाजारात कुणाला हार जात नाही, ती टाळूला चिकटून बसली. जा असं सांगायचा मला धीर होत नव्हता, कारण खरं सांगायचं तर त्या घटकेला मलाही भीती वाटत होती.

तेवढ्यात फाटकातून आमच्या यांची सायकल आत आली आणि मागे कॅरेजवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, चिमाजीबाबा. ते उतरले, मुंडासं नीट केलं आणि तिथूनच काठी उंच धरली. मैनानं त्यांना डोळे भरून बघितलं. मग कठडा सोडला आणि आत गेली. डावीकडे. पहिल्या वळणाला थोडी अडखळली, जपानच्या पोरीनं जरा बाजूला होऊन तिला वाट दिली, आणि मग ती सगळ्यांच्या ओळीत मिसळून गेली.

चिमाजीबाबा माझ्याजवळ खुर्चीवर येऊन बसले. जीव भांड्यात पडला तशी मला जीभ परत आली. म्हटलं, कुठं होतात हो? पोरीचा जीव जायची वेळ आली इकडे.

ते म्हणाले, पेठ रस्त्याला गेलो होतो, पुतण्याकडे. पहाटेच निघालो, चालत. त्या भिकनला देवळात घेऊन आलो आणि देवळाची किल्ली त्याच्या हातात दिली. रस्त्यात लहानू भेटला म्हणून वेळेत पोचलो.

मला काही उमजेना. किल्ली कशाला दिली?

"उलटा फेरा घातलेल्या हातानं देवाला शिवता येत नाय," ते म्हणाले. "माझी पूजा काल सांजच्याला संपली."

मी म्हटलं, बाबा, कुणी बघितलं नव्हतं. आम्ही तिघं, आणि आम्ही मेलो तरी बोलणार नाही.

"मारुती होता की समोर."

ते रागानं नाही बोलले, दुःखानंही नाही. वाऱ्यापाण्याचं बोलावं तसं बोलले. मी विचारलं, मग आता तुम्ही करणार काय? म्हणाले, ओट्यावर बसायचं, भिकनला चार गोष्टी सांगायच्या, पोरीचा खेळ बघायचा. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मैनाला आज सांगू नको. कधीच नाय सांगितलं तरी चालंल. एक ओझं उतरवलं तिचं, दुसरं चढवू नको."

मैनाची पाळी आली तेव्हा फरशी रिकामी होती. गाणं सुरू झालं. आता तिला कुणाची आडकाठी नव्हती, ती उजवीकडे निघाली. त्या दिवशी ती सहांत चौथी आली. जपानची पोरगी पहिली. खंडेराव सर आजही सांगतात की मैनाची दुसरी उडी अशी झाली की परीक्षकांनी माना वर केल्या. मला ती उडी विचारू नका. मी बघितलीच नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मी चिमाजीबाबांच्या हातांकडे बघत होते. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले होते, आता त्यांचं काय करायचं ते ठाऊक नसल्यासारखे. पहाटे नदीवर घासघासून धुतले असावेत, कातडी लाल झाली होती. पण नखांच्या कडांना शेंदूर तसाच होता. इतक्या वर्षांचा तो, एका आंघोळीनं थोडाच निघणार होता.